आधी तार, मग झाकण

ठिणगी या शब्दाला आपल्या भाषेत मोठा मान आहे. वक्ता व्यासपीठावर उभा राहिला, की पाच-दहा मिनिटांत एखादी ठिणगी टाकतोच. कवीच्या तर ती घरचीच. प्रतिभेची ठिणगी, बंडाची ठिणगी, क्रांतीची ठिणगी! अशा ठिणग्यांवर आमचे निम्मे साहित्य शेकत बसले आहे. शाळेतल्या निरोपसमारंभात दहावीच्या मुलांना 'तुमच्यातली ठिणगी विझू देऊ नका' असे कोणी सांगितले नाही, तर समारंभ पुरा झाल्यासारखा वाटत नाही. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला मात्र ठिणगीचे एवढे कौतुक नसते. ती उडाली की बाई आधी पदर सावरते. कडब्याच्या गंजीपाशी कोणी विडी पेटवली, तर एरवी मुंगीलाही न दुखवणारा म्हातारा शेतकरी अस्सल शिवी हासडतो. ठिणगीशी ज्यांची रोजची गाठ असते ती माणसे तिच्यावर भाषणे करीत नाहीत. ती फक्त सावध असतात.

अशाच एका सावध माणसाविषयी मला लिहायचे आहे. ठिणगी पडू न देणे हाच त्याचा धंदा.

आमच्या गावाबाहेर, माळावर, एक धावपट्टी आहे. तिथे वैमानिक तयार करणारी एक संस्था आहे. सकाळी सात वाजल्यापासून लहान विमाने गावावरून घिरट्या घालू लागतात. पहिल्या वर्षी सारा गाव माना वर करून पाहत असे. आता शेतातले बैलसुद्धा पाहत नाहीत. त्या विमानांत इंधन भरण्याचे काम माझा एक जुना विद्यार्थी करतो. त्याचे नाव मी सांगणार नाही. कारण पुढे कळेलच. हजेरीपटावर तो बाविसावा होता, म्हणून त्याला आपण बावीस नंबर म्हणू. अभ्यासात तो यथातथाच होता, आणि चित्रकलेतही. वहीवर पट्टी ठेवून रेघ मारायला सांगितली, तर मात्र त्याची रेघ वर्गात सगळ्यांत सरळ येई. पट्टी हलू न देणे ही गोष्ट त्याला जन्मतः येत होती. पण त्याला गुण देण्याची सोय आमच्या परीक्षेत नाही.

मी स्वतः चित्रकलेचा मास्तर. शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंत, पुढे चित्रकलेची पदविका. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की विज्ञानाच्या सरांची रजा असली म्हणजे त्यांचा तास माझ्याकडे येतो आणि मी मुलांना निसर्गचित्र काढायला लावतो. तेव्हा विजेविषयी जे काही मला कळले, ते बावीस नंबरने शिकवलेले आहे. चाळिशी उलटल्यावर विद्यार्थ्याकडून शिकण्यात एक वेगळेच सुख असते. तो चुकला तर कान धरायचा हक्क आपल्याकडे असतो, आणि तो चुकत नाही याचा अभिमानही.

तो एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "सर, एक बोर्ड रंगवून पाहिजे. आमच्याकडे सूचना सगळ्या इंग्रजीत आहेत. हाताखाली येणारी पोरं त्या वाचत नाहीत. मराठीत सात ओळी लिहायच्या आहेत. साहेबांना विचारलंय. ते म्हणाले, लावा, पण खर्च मागू नका."

मी म्हटले, "मजकूर सांग."

त्या सात ओळी कळून घ्यायला मला तीन संध्याकाळी लागल्या. अक्षर काढणाऱ्याने अर्थ समजून घेतला पाहिजेच असे नाही. पण कादंबरीकाराला तशी खोड असते.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या गोष्टीपासून झाली. केसांवर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात. थंडीच्या दिवसांत अंधारात लोकरीचे ब्लँकेट ओढले, की त्यातून चटचट आवाज येतो आणि बारीक निळसर ठिणग्या दिसतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला, की बोटाला झिणझिणी येते. दोन वस्तू एकमेकींना लागून अलग झाल्या, की एकीचा विद्युतभार दुसरीकडे जातो. बस, एवढाच मामला. प्राचीन ग्रीकांना राळेसारख्या पिवळ्या अंबराचा हा गुण ठाऊक होता. अंबराला ते 'इलेक्ट्रॉन' म्हणत, आणि विजेचे इंग्रजी नाव त्यावरूनच आले. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली आपल्या ग्रंथात या ओढीचा विचार मांडला. म्हणजे विजेची सगळी विद्या अशा घासाघाशीतून निघाली आहे.

आता ही घासाघाशी पेट्रोलही करते, हे मला नवे होते. इंधन पाइपातून वाहते तेव्हा ते पाइपाच्या आतल्या अंगाला घासत जाते. बारीक गाळणीतून जाते तेव्हा तर फारच. एका जातीचा भार इंधनाबरोबर पुढे जातो, दुसऱ्या जातीचा मागे गाडीत उरतो. पाणी असते तर हा भार चटकन वाहून गेला असता. पण पेट्रोल विजेचे मोठे आळशी वाहक आहे. त्याच्या अंगावर चढलेला भार उतरायला वेळ लागतो. म्हणून इंधन गाळणीतून निघाल्यावर टाकीत पडण्याआधी त्याला थोडे निवू द्यावे लागते, फार जोराने आणि उंचावरून धो धो ओतू नये, असे शास्त्र आहे. जेट विमानांच्या इंधनात तर भार लवकर उतरावा म्हणून एक द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात मिसळतात.

बावीस नंबर म्हणाला, "सर, आता समजा एका बाजूला आमची गाडी उभी आहे, दुसऱ्या बाजूला विमान. दोघांवरचा भार वेगवेगळा. विमान तर वरून धुळीतून, कोरड्या हवेतून आलेलं. त्याच्या टायरमधून थोडा भार जमिनीत झिरपतो, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. आणि मी नोझल घेऊन टाकीच्या तोंडाशी चाललोय. लागल्यावर काही होत नाही. लागायच्या आधी एवढं अंतर असतं ना," त्याने अंगठ्याचे नख आणि बोट यांत ज्वारीच्या दाण्याएवढी फट धरली, "त्या एवढ्याला भ्यायचं."

ती फट मी कधी विसरणार नाही. सगळा धोका तेवढ्या जागेत राहतो. टाकीच्या आत इंधनाची वाफ इतकी दाट असते, की बहुधा तिला पेटायला हवा पुरत नाही. बाहेर मोकळ्यावर ती इतकी विरळ होते, की पेटत नाही. पण टाकीच्या तोंडाशी, नेमकी जिथे ठिणगी उडायची तिथेच, हवा आणि वाफ यांचे जमते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण शेकडा दीडपासून साडेसातच्या आसपासपर्यंत असले, की ती पेटायला तयार होते. या लहान विमानांचे निळ्या रंगाचे पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेटण्याजोगी वाफ सोडते. मग आमच्या माळावरच्या उन्हाची गोष्टच नको. जेट विमानांचे इंधन रॉकेलच्या जातीचे असते, ते त्या मानाने शांत. निदान ३८ अंश तापमान झाल्याशिवाय त्याची वाफ पेटू नये, असा नियम आहे. पण विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा त्या शांत स्वभावावरही किती विसंबायचे?

आणि ठिणगी तरी केवढी लागावी? मी विचारले. त्याने मोबाइलवर आकडा काढून दाखवला : एक मिलिज्यूलचा चौथा हिस्सा. मला काही बोध झाला नाही. तेव्हा विज्ञानाच्या सरांनी दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मला हिशेब करून दाखवला. ग्रॅमभर वजनाचा एक शेंगदाणा इंचभर उंचीवरून टेबलावर पडला, तर जेवढा धक्का बसेल तेवढी ती शक्ती. मुंगीही दचकणार नाही. माणसाच्या बोटाला झटका जाणवायला त्याच्या अंगावर दोन-तीन हजार व्होल्टचा भार लागतो, आणि तो जेमतेम जाणवणारा झटका पेट्रोलची वाफ पेटवायला पुरून उरतो. म्हणजे आपल्याला कळण्याच्या आधीच तो पुरेसा झालेला असतो. या विचाराने मी त्या दिवशी बराच वेळ अस्वस्थ होतो. घरातल्या, गावातल्या किती भांडणांची सुरुवात कोणालाच जाणवली नव्हती, ते आठवू लागलो.

यावर उपाय काय? तर एक तार. तिच्या दोन्ही टोकांशी चिमटे. त्यातले एक टोक इंधनाच्या गाडीला, दुसरे विमानाला. तार लागली की दोघांवरचा भार एकमेकांत वाटला जातो, दोघेही एका पातळीवर येतात, आणि मग त्यांच्यामध्ये ठिणगी पडायला काही कारणच उरत नाही. कामगार सरसकट तिला 'अर्थिंगची वायर' म्हणतात. पण बावीस नंबर काटेकोर. तो म्हणतो, "अर्थिंग म्हणजे जमिनीशी. बॉण्डिंग म्हणजे एकमेकांशी. जमिनीशी जोडलं तर चांगलंच. पण एकमेकांशी जोडल्याशिवाय चालतच नाही."

ही तार लावायची कुठे, यालाही शास्त्र आहे. विमानाच्या अंगावर चांगला जाड रंग असतो आणि रंगातून वीज जात नाही. रंगावर चिमटा लावला, तर लावला न लावला सारखाच. माझा जन्म रंगात गेला. रंगाचा हा दुर्गुण मला कोणी सांगितला नव्हता. तेव्हा चिमटा उघड्या धातूवर हवा. विमान वाऱ्याने हलू नये म्हणून त्याला दोर बांधायच्या ज्या कड्या असतात, त्यांपैकी एखादीवर. पंख्याला नाही, रेडिओच्या दांडीला नाही. आणि तार धड आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही. वरून प्लॅस्टिकचे वेष्टन साबूत असते आणि आत तांबे तुटलेले असते. म्हणून तो अधूनमधून मीटर लावून ती तपासतो. वरून धड आणि आतून तुटलेली! मी म्हटले, अशा तारा आमच्याही ओळखीच्या आहेत; पण त्यांना लावायचा मीटर अजून निघाला नाही. तो हसला नाही. कामाच्या गोष्टीत त्याला विनोद चालत नाही.

प्लॅस्टिकचा डबा आणि प्लॅस्टिकचे नरसाळे यांचा त्याला विशेष राग. धातूच्या डब्याला तार लावली तर सगळ्या डब्यावरचा भार निघून जातो. प्लॅस्टिकवरचा भार जिथल्या तिथे चिकटून बसतो, तार लावा की आणखी काही लावा. अंगात नायलॉनचा शर्ट घालून आलेल्या मदतनिसाला तो परत पाठवतो. सुती घालून ये म्हणतो.

मी विचारले, "पावसाळ्यात तरी सुट्टी असते का तुझ्या तारेला? तेव्हा ब्लँकेटसुद्धा चटचटत नाही."

"नाही सर. हवा ओली असते, पेट्रोल नाही. पाइपातून जाताना ते पावसाळा विचारत नाही."

असा तो बोर्ड तयार झाला. पांढऱ्यावर काळी अक्षरे, भोवती लाल पट्टी. इंजिन बंद, किल्ली बाहेर, आत कोणी बसलेले नाही. चाकांना अडण्या. आग विझवायचे नळकांडे हाताशी. गाडीची तार विमानाच्या उघड्या धातूला. मग नोझलची तार विमानाला, आणि त्यानंतरच टाकीचे झाकण. भरताना नोझल टाकीच्या तोंडाला टेकलेले. शेवटी झाकण बंद, आणि मगच तारा काढायच्या. सात ओळींत क्रियापदे फार थोडी होती. मी एक-दोन ठिकाणी वाक्य जरा वळवून घ्यावे असे सुचवले. तो म्हणाला, "नको सर. वळवलं की पोरं वळतात."

मला त्या ओळींतला क्रम आवडला होता. आधी तार, मग झाकण. आणि निघताना आधी झाकण, मग तार. देवळात जाताना आधी पाय धुणे, मग उंबरा, तसे काहीसे. आपल्या घरांतही पूर्वी असा एक क्रम असे. पाहुणा आला, की आधी गूळपाणी, मग विचारपूस, आणि ज्या कामासाठी तो आला ते सगळ्यांत शेवटी. जमिनीच्या वाटणीसारखा पेटता विषय असला, तरी भाऊ आधी एका पंगतीला बसत. त्या जेवणाने वाद मिटत नसे. पण माणसे एका पातळीवर येत आणि मग झाकण उघडत. आता आपण दारातच झाकण उघडतो. असो. हा विषय माझ्या कादंबऱ्यांचा, इथे नको.

विमानाचे हे सोपस्कार काही पहिल्यापासून नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. भारतातल्या नियमित विमान-टपालाची ती सुरुवात. त्यांचे ते 'पस मॉथ' विमान पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेले, एका इंजिनाचे. अहमदाबादला त्याचे पेट्रोल बर्मा शेलच्या बैलगाडीतून डब्यांत आले होते. मला त्या बैलगाडीवाल्याविषयी नेहमी कुतूहल वाटते. टाटांचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ते असायलाच हवे; पण त्या डब्यांतून पेट्रोल ओतणारे हात कोणाचे होते? पुढे पाच वर्षांनी, ६ मे १९३७ रोजी, अमेरिकेतल्या लेकहर्स्ट इथे 'हिंडेनबुर्ग' हे हायड्रोजन भरलेले प्रचंड हवाई जहाज उतरता उतरता जळाले आणि ३६ माणसे गेली. कारणांविषयी वाद झाले. पण बहुतेक जाणकारांचा कल अशाच स्थिर विजेच्या ठिणगीकडे आहे. ठिणगीचे नाव इतिहासात राहते. न पडलेल्या ठिणगीचे कुठेच राहत नाही.

आता जे घडले ते सांगतो.

जानेवारीचा महिना होता. बोर्ड भिंतीवर चढून आठवडा झाला असेल. लाल पट्टीचा एक कोपरा राहिला होता, तो पुरा करायला मी शाळा सुटल्यावर गेलो होतो. हवा कोरडी ठाक. माळावरून धुळीची वावटळ उठून धावपट्टीला आडवी जात होती. एक दोन माणसांचे सेस्ना १५२ उतरून आले. हे विमान लहानसे. दोन्ही पंखांतल्या टाक्या मिळून शंभर लिटरही भरत नाहीत. दुसरी विद्यार्थिनी हेल्मेटासारखे मोठे हेडफोन गळ्यात अडकवून वाट पाहत उभी होती. सूर्य मावळायला तासाभराचा अवकाश. त्याच्या आत तिचे उड्डाण व्हायचे होते.

बावीस नंबरने गाडी आणली, अडण्या लावल्या, तार उलगडली आणि तिथेच थांबला. चिमट्याचा जबडा तुटला होता. नवा चिमटा मागितल्याचा कागद नऊ दिवस कचेरीत पडून होता, हे मला नंतर कळले.

शिकवणारे कॅप्टन घाईत होते. ते म्हणाले, "नुसतं नोझल टेकव आणि भर. नोझल लागलं की झालं."

"वायर नाही साहेब."

"रोज भरतोस ना? एक दिवस वायर नसली म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?"

"वायर नाही तर झाकण नाही, साहेब."

आवाज चढला नाही. त्याने शिडीसुद्धा पंखाला लावली नाही. कॅप्टनांनी व्यवस्थापकांना बोलावले. तेही रागावले. सगळ्यांचे बोलणे तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता तुटका चिमटा तारेपासून सोडवत होता. मग तो कार्यशाळेत गेला, बॅटरीला लावायचा एक जाड चिमटा शोधून आणला, तारेला पक्का बसवला, मीटर लावून पाहिला, आणि मग विमानाच्या कडीला लावला. या सगळ्याला पन्नास मिनिटे लागली. टाकी भरली तेव्हा ऊन विमानाच्या शेपटीवरून उतरून माळावर गेले होते. त्या मुलीचे उड्डाण रद्द झाले.

ती मुलगी त्याचे आभार मानील, असे मला वाटले होते. कादंबरीत मी तसेच लिहिले असते. पण ती रडवेली झाली होती. तासातासाचे पैसे मोजून शिकणारी मुलगी ती. संत्र्याची बाग गहाण ठेवून बापाने तिला पाठवले आहे, असे ती कोणाला तरी सांगत होती. तिचा एक दिवस गेला होता. जाताना तिने बावीस नंबरकडे जे पाहिले, ते रागानेच पाहिले. तो तार गुंडाळत होता. त्यानेही ते पाहिले.

चौथ्या दिवशी त्याला मेमो मिळाला. कामात हेतुपुरस्सर दिरंगाई केली, वरिष्ठांची आज्ञा मोडली, उड्डाणाचा खोळंबा केला. आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. त्याच्या घरी आई आहे, बायको आहे, पहिलीत जाणारा मुलगा आहे. घराचे हप्ते चालू आहेत. गावात त्या पगाराची दुसरी नोकरी नाही. हे सगळे मला माहीत होते, आणि मला माहीत आहे हे त्यालाही.

मी म्हटले, "एक गोष्ट खरी सांग. त्या दिवशी तू तसंच भरलं असतंस तर काय झालं असतं?"

"काही नसतं झालं, सर."

"नक्की?"

"शंभरदा नसतं झालं. नोझल टेकलं की भार उतरतोच बहुतेक."

"मग?"

तो थोडा वेळ थांबला. म्हणाला, "मला शंभरदा भरायचं नाही, सर. मला तीस वर्षं भरायचंय. आणि एकदा वायरीशिवाय भरलं की उद्या पुन्हा सांगणार, काल भरलंस ना? मग बोर्ड कशाला रंगवला आपण?"

सगळ्या सावधपणाची अडचण ही अशी आहे. तो शंभरातल्या नव्याण्णव वेळा मूर्खपणाच दिसतो. आग लागली तर विझवणाऱ्याचा सत्कार होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. लागली नाही तर ज्याने ती लागू दिली नाही, त्याला मेमो मिळतो; कारण त्याने काय केले हे दाखवायला त्याच्याजवळ काहीच नसते. जळालेले विमान दाखवता येते. न जळालेले विमान रोजच्यासारखे उभे असते. आमच्या व्यवसायातही हे थोडेफार आहेच. बिघडलेला मुलगा सगळ्या गावाला दिसतो. जो बिघडता बिघडता राहिला, तो कोणाच्या तारेमुळे राहिला, याची नोंद कोणत्या हजेरीपटावर असते?

मी कागद पुढे ओढला आणि म्हटले, "सांग, काय लिहू?" मनात मी मजकूर जुळवूही लागलो होतो : सुरक्षेचे महत्त्व, संस्थेची प्रतिष्ठा, विद्यार्थिनीचा जीव. पण तो सांगू लागला आणि मी फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहत लिहीत गेलो. खुलासा असा झाला :

'तारेचा चिमटा तुटला होता. नवा चिमटा मागितल्याचा अर्ज कचेरीत आहे. तार लावल्याशिवाय टाकीचे झाकण उघडायचे नाही, असे बोर्डावर पाचव्या ओळीत लिहिले आहे. चिमटा बसवल्यावर लगेच इंधन भरले.'

मी विचारले, "एवढंच?"

"एवढंच झालं, सर."

"यापुढे असं होणार नाही, असं शेवटी लिहायची पद्धत आहे."

"पण होणार ना सर. चिमटा तुटला तर होणारच."

त्याने खाली सही केली. ती रेघ मारावी तशी सरळ होती.

खुलाशाला उत्तर आले नाही. कारवाई झाली नाही, मेमोही मागे घेतला गेला नाही. तो फायलीत आहे. त्या वर्षीची पगारवाढ बाकीच्यांना मिळाली, त्याला मिळाली नाही. त्याचे कारण कोणी सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. मात्र पंधरवड्याने भांडारातून एक खोके आले. त्यात दोन नवे चिमटे होते. बरोबर चिठ्ठी वगैरे काही नव्हती. एक त्याने तारेला बसवला, दुसरा कपाटात ठेवला आणि कपाटाची किल्ली खिळ्याला अडकवली. ती कोणालाही सापडेल अशी.

होळीच्या सुमारास तो काळ्या रंगाचा लहान डबा घेऊन पुन्हा माझ्याकडे आला. बोर्डावर एक ओळ वाढवायची होती. मी विचारले, "साहेबांना विचारलंस?" तो म्हणाला, "रंगाचे पैसे मी दिलेत."

सातव्या ओळीखाली जागा थोडीच उरली होती. लाल पट्टीला लागू न देता अक्षरे बारीक काढावी लागली. आठवी ओळ अशी आहे : 'तार नादुरुस्त असेल तर विमान थांबेल.' रंग वाळायला दोन तास लागले. तेवढ्यात त्याने तीन विमाने भरली. प्रत्येक वेळी तो गाडीतून उतरला, तार उलगडली, कडीला चिमटा लावून एकदा ओढून पाहिला, आणि मग शिडी चढून झाकण उघडले. काहीही झाले नाही.